पटावरचीं घरें

खेळाला नीतीचे नियम लावावे कीं लावूं नयेत, हा वाद तसा जुनाच आहे. द्यूताच्या पटावर धर्मराजानें राज्य, भाऊ आणि पत्नी पणाला लावलीं तेव्हां दोष खेळाचा कीं खेळणाराचा, याचा ऊहापोह आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. बुद्धिबळाला मात्र असा प्रश्न कोणीं फारसा विचारलेला नाहीं, आणि तें योग्यच आहे. बुद्धिबळाचा पट हा कोणत्याही देशाचा नकाशा नव्हे. त्याचे उंट कोणाच्या उभ्या पिकांतून गेलेले नाहींत, आणि त्याचें प्यादें मेलें म्हणून कोठल्या खेड्यांत कोणा बाईच्या बांगड्या फुटल्या नाहींत. परंतु ज्या खेळाचा पट म्हणजे खऱ्या देशाचा खरा नकाशा, ज्याच्या मोहऱ्यांवर खऱ्या पलटणींचे क्रमांक, आणि ज्याच्या प्रत्येक पाळीला पंचांगांतली खरी तारीख लाविलेली, त्या खेळाला बुद्धिबळाची ही मोकळीक मिळावी काय? प्रश्न एवढाच आहे. तो मोठ्या तात्त्विक परिभाषेंत न मांडतां एका विशिष्ट खेळांतील एका विशिष्ट हिवाळ्याच्या आधारें मांडावा, असें योजिलें आहे.

अशा युद्धखेळांचा इतिहास येथें सांगण्याचें कारण नाहीं. प्रशियांतील राइसविट्झ नांवाच्या पितापुत्रांनीं एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं नकाशावरील युद्धाचा डाव सिद्ध केला, मुलानें त्याचे नियम १८२४ सालीं छापून काढले, आणि प्रशियाच्या सैन्यानें तो अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठीं उचलला. १९१३ सालीं एच्. जी. वेल्स या इंग्रज ग्रंथकारानें खेळण्यांतल्या शिपायांच्या लढायांवर एक छोटेखानी पुस्तक लिहून, खऱ्या युद्धापेक्षां हें खोटें युद्ध किती शहाणपणाचें आहे, तें मोठ्या खुबीनें दाखविलें. पुढच्याच वर्षीं जगानें त्याचा सल्ला किती मानला हें सर्वांना ठाऊक आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर पुठ्ठ्याच्या चौकोनी मोहऱ्या व षट्कोणी घरांचे नकाशे यांचें वेड अमेरिकेंत पसरलें. आणि संगणक आल्यावर जो हिशेब करावयाला दहा माणसें व दहा रविवार लागत तो क्षणांत होऊं लागल्यामुळें, खेळ रचणाऱ्यांची सूक्ष्मतेची हौस अनावर झाली.

या सूक्ष्मतेचा कळस म्हणून २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या 'वॉर इन द ईस्ट' या खेळाकडे बोट दाखवितां येईल. गॅरी ग्रिग्स्बी या अमेरिकन रचनाकाराचें नांव त्याच्याशीं जोडलेलें आहे. जर्मनीनें २२ जून १९४१ रोजीं सोव्हिएट रशियावर जी स्वारी केली तो त्याचा विषय. पटावरील प्रत्येक षट्कोणी घर दहा मैल रुंदीचें, आणि प्रत्येक पाळी एका आठवड्याची. त्याची बारकाई अशी कीं, रशियांतील आगगाडीच्या रुळांमध्यें १५२४ मिलिमीटरांचें अंतर असे व जर्मनींतील रुळांमध्यें १४३५, या ८९ मिलिमीटरांचासुद्धां त्यांत हिशेब आहे. रूळ बदलणाऱ्या कामगारांच्या तुकड्या पुढें सरकल्याखेरीज रसदेची गाडी पुढें सरकत नाहीं. एवढ्या काटेकोर खेळाचें कौतुक कोणासही वाटेल. प्रस्तुत लेखकानें हा डाव अनेकदां मांडला आहे, आणि पुढें जें लिहावयाचें आहे तें खेळाला तुच्छ लेखून लिहिलेलें नाहीं.

या खेळांतील पहिला हिवाळा निभावून नेणें ही जर्मन बाजूनें खेळणाराची खरी परीक्षा समजली जाते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत त्याला बहुतेक सारें अनुकूल असतें. शत्रूच्या फौजांना वेढे घालावे, कैद करावे, पुढें जावें. ऑक्टोबरांत पाऊस व चिखल येऊन गाड्या रुततात. नोव्हेंबरांत जमीन गोठून घट्ट होते, चाकें पुन्हां फिरूं लागतात, आणि आणखी चार घरें पुढें जाण्याचा मोह अनावर होतो. मग डिसेंबर उजाडतो, हिमवादळ सुरू होतें, आणि ज्या मोहऱ्यांच्या जोरावर तो इतके दिवस मिरवत होता त्यांच्यावरील आंकडे आठवड्यागणिक झपाट्यानें उतरूं लागतात. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी हे तीन महिने त्याला केवळ टिकून राहावयाचें असतें.

जो नोव्हेंबरांत मोहाला बळी पडला तो जानेवारींत मार खातो. शहाणा खेळाडू आपली कोणती तुकडी हिवाळा कोठें काढणार हें ऑक्टोबरांतच ठरवितो. माती दगडासारखी होण्यापूर्वीं खंदक खणून घेतो. थकलेल्या रणगाड्यांच्या तुकड्या आगगाडीनें मागें पाठवून देतो. आणि जेथें रेल्वे पोंचत नाहीं तें ठाणें, मग तें कितीही नांवाजलेलें असो, मुकाट्यानें सोडून देतो. दर आठवड्यास एक घर, दोन घरें जमीन द्यावी आणि तिच्या बदल्यांत माणसें वांचवावीं, असा त्याचा व्यवहार असतो. दुष्काळांत बायकोच्या अंगावरचा दागिना मोडील पण बैलजोडी विकणार नाहीं, अशा जाणत्या कुणब्याचें हें शहाणपण आहे. जिंकलेलें सोडतांना अहंकार आड येऊं न देणें, शेजारची फळी फुटली तरी न घाबरतां तिसऱ्या फळीचा विचार करणें, आज सोसलेलें नुकसान उद्यांच्या नुकसानीशीं ताडून पाहणें: हे गुण खरे आहेत. ते लांकडी मोहऱ्यांवर शिकले म्हणून खोटे ठरत नाहींत.

प्रत्यक्ष इतिहासांत जर्मन सेनापतींना ही मोकळीक मिळाली नाहीं. ५ व ६ डिसेंबर १९४१ रोजीं मॉस्कोपुढें रशियाचा प्रतिहल्ला सुरू झाला. महिन्याच्या मध्यास हिटलरनें जागा न सोडण्याची सक्त आज्ञा दिली. १९ तारखेस सरसेनापति ब्राउखिच याला निरोप देऊन त्यानें सैन्याचें आधिपत्य स्वतःकडे घेतलें. आणि माघार घेऊं पाहणाऱ्या गुडेरियनची नाताळांतच उचलबांगडी झाली. ती आज्ञा योग्य होती कीं अयोग्य, तिच्यामुळें सैन्य वांचलें कीं बुडालें, यावर हे खेळ खेळणाऱ्यांमध्यें वर्षानुवर्षें वाद चालत आले आहेत. वाद मोठ्या विद्वत्तेचे असतात. दोन्ही पक्षांजवळ तापमानाचे तक्ते असतात, आगगाड्यांचीं वेळापत्रकें असतात, आणि एका गोष्टीबाबत मात्र दोन्ही पक्षांचें संपूर्ण ऐकमत्य असतें. वांचावयाचें होतें तें जर्मन सैन्य, हें दोघांनींही गृहीत धरलेलें असतें.

येथेंच आपला प्रश्न सुरू होतो. हा खेळ मन लावून खेळलेल्या कोणाही माणसानें स्वतःच्या चित्तवृत्तीकडे पाहिलें तर त्याला आढळेल कीं, डिसेंबराच्या दुसऱ्या पाळीपर्यंत त्याला जून महिन्याचा विसर पडलेला असतो. जूनमध्यें आपण होऊन सरहद्द ओलांडणारा हात त्याचाच होता. परंतु आतां बर्फ पडत आहे, चहूंकडून शत्रु येत आहे, त्याच्या तुकड्या झडत आहेत, आणि आपल्यावर कोणी तरी अन्याय करीत आहे अशी एक खोल भावना त्याच्या मनांत घर करते. ज्या मोहऱ्यावर आपला हात असतो त्याच्यामागें आपली करुणा जाते. हिवाळा हा मोठा धोबी आहे. तीन महिन्यांत तो उन्हाळ्यांतले सारे डाग धुऊन काढतो.

हा दोष केवळ खेळणाऱ्यांचा नव्हे. १७६० च्या हिवाळ्यांत पानिपतावर खंदक खणून बसलेली मराठी फौज आठवली कीं आपल्या घशाशीं हुंदका येतो. तिची तुटलेली रसद, उपाशी जनावरें, अंगावर पुरेसें पांघरूण नसलेलीं माणसें, आणि शेवटीं १४ जानेवारी १७६१ ची ती सकाळ, हें सारें आपल्याला आपल्या घरांत घडल्यासारखें दिसतें. परंतु ज्यांच्या शेतांतून त्या हिवाळ्यांत दोन्ही फौजांनीं दाणावैरण उचलली ते त्या मुलुखांतले गांवकरी आपल्या डोळ्यांपुढें सहसा येत नाहींत. यांत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं. आपल्या माणसांसाठीं आधीं रडणें हा मनुष्यस्वभाव आहे. प्रश्न एवढाच कीं, जीं आपलीं माणसें नव्हतीं त्यांच्यासाठींही हा हुंदका केवळ मोहरा हातांत धरल्यानें येत असेल, तर त्या हुंदक्याची किंमत काय?

'बचाव' या शब्दाला आमच्या मनांत एक प्रकारचें सोवळें आहे. हल्ला करणारा दोषी, बचाव करणारा निर्दोष, असें समीकरण आपण नकळत मांडून बसलों आहों. परंतु बचाव ही एक स्थिति आहे आणि बचावाचा अधिकार ही अगदीं निराळी वस्तु आहे. दुसऱ्याच्या वाड्यांत शिरलेल्या दरोडेखोराला गांवकऱ्यांनीं घेरलें आणि त्यानें आंतून दाराला अडसर घातला, तर त्या घटकेस तो आपला बचाव करीत आहे असें खुशाल म्हणावें. परंतु अडसर घातल्यानें तो घरधनी होत नाहीं. याच्या उलट उदाहरण फिनलंडचें. ३० नोव्हेंबर १९३९ रोजीं सोव्हिएट फौजांनीं त्या लहानशा देशावर स्वारी केली, आणि १३ मार्च १९४० पर्यंत फिनी सैन्य बर्फांत झुंजलें. सुओमुस्सल्मीच्या अरण्यांत एकाच रस्त्यावर लांबलेल्या शत्रूच्या फौजेचे तुकडे करून ते एकेक गिळण्याची त्यांची रीत युद्धखेळांच्या शौकिनांना पाठ असते. खेळाच्या दृष्टीनें पाहिलें तर मॉस्कोपुढील जर्मन आणि सुओमुस्सल्मीचा फिनी एकाच परीक्षेस बसलेले दोन विद्यार्थी आहेत: तोच बर्फ, तीच तुटपुंजी शिबंदी, तेच खंदक. गुणपत्रिका दोघांना एकाच कसोटीनें मिळते. एक स्वतःच्या अंगणांत लढत होता आणि दुसरा परक्याच्या, ही गोष्ट गुणपत्रिकेंत मांडण्याला रकानाच नाहीं.

आणि अंगण हा शब्द येथें अलंकार म्हणून आलेला नाहीं. आमच्या भाषेंत पटावरच्या चौकटीला 'घर' म्हणतात. प्यादें एक घर सरतें, घोडा अडीच घरें उडी मारतो. हा शब्द वापरतां वापरतां प्रस्तुत लेखकाला जी शंका आली ती कदाचित् दुसऱ्या भाषेंत आलीच नसती: दहा मैल रुंदीच्या या एका घरांत खरीं घरें किती असतील? मॉस्कोच्या पश्चिमेस त्या काळीं खेड्यांचें घर म्हणजे ओंडक्यांची एक-दोन खोल्यांची झोपडी. तिच्या मध्यभागीं मोठी थोरली चूल. तिच्या माथ्यावर म्हातारीं माणसें व पोरें निजावयाचीं. शून्याखालीं तीस अंश आणि त्याहूनही खालीं पारा उतरला असतां मनुष्य रात्रभर जगेल अशी जागा त्या चुलीभोवतींच होती. सैन्य बर्फांत टिकलें तें खंदकांच्या बळावर टिकलें असें खेळांत दिसतें. परंतु खंदकांतून आळीपाळीनें परतून हातपाय शेकावयाला माघारीं चूल नसती तर तें आठ दिवस टिकलें नसतें. म्हणजे हिवाळ्यांतील बचाव हा मुळांत झोपड्यांचा प्रश्न होता. आणि झोपड्यांत माणसें होतीं.

या जातीच्या खेळांत गांवांत वा शहरांत ठेवलेल्या तुकडीला थंडीचा उपद्रव बहुधा कमी होतो, असा नियम आढळतो. नियम बरोबर आहे. परंतु ती ऊब जमिनीचा एक गुण म्हणून येते, जशी नदी किंवा टेकडी यावी तशी. ती कोणाची तरी होती आणि ती कोणाकडून तरी घेतली गेली, हें त्या नियमांत दिसत नाहीं. प्रत्यक्षांत ती कशी घेतली गेली याविषयीं संशयाला जागा नाहीं. २० डिसेंबर १९४१ च्या सुमारास वरून जीं फर्मानें निघालीं त्यांत, कैद्यांच्या व रहिवाशांच्या अंगावरचे हिवाळी कपडे निर्दयपणें काढून घ्यावे आणि सोडावीं लागतील तीं वस्तीचीं ठिकाणें जाळून टाकावीं, असें स्पष्ट होतें. जर्मन शिपायांच्या पायांत लोंकरी नमद्याचे रशियन बूट आले, ते पायांतूनच आले. पुढें मे १९४२ मध्यें जर्मनीनें त्या हिवाळ्याचें एक पदक काढलें; शिपायांनीं त्याला 'गोठलेल्या मांसाचें पदक' असें थट्टेचें नांव दिलें होतें. त्या थट्टेंत त्यांचें दुःख होतें, आणि लाखाहून अधिक शिपायांना हिमदंश झाला, हें खोटें नव्हे. परंतु ज्यांच्या पायांतले बूट गेले त्यांचे पाय कोणीं मोजले नाहींत.

आतां दुसऱ्या बाजूची गोष्टही सांगितली पाहिजे, नाहीं तर विषय सोपा करून सांगितल्याचा दोष येईल. चूल हेंच शत्रूचें बळ आहे हें मॉस्कोंतही ओळखलें गेलें होतें. १७ नोव्हेंबर १९४१ च्या ०४२८ क्रमांकाच्या आज्ञेनें स्टालिननें असें फर्माविलें कीं, आघाडीपासून चाळीस ते साठ किलोमीटर खोल आणि रस्त्यांच्या दोहों बाजूंस वीस ते तीस किलोमीटरपर्यंत जर्मनांच्या पाठीमागचीं सर्व गांवें जाळून भस्म करावीं. माघार घ्यावी लागली तर रहिवाशांना बरोबर आणावें असेंही त्या आज्ञेंत होतें. परंतु जीं गांवें आधींच शत्रूच्या हातीं पडलीं होतीं तेथल्या माणसांनीं छप्पर जळाल्यावर कोठें जावें, याचें उत्तर तिच्यांत नव्हतें. झोया कोस्मोदेम्यान्स्काया ही अठरा वर्षांची मुलगी याच कामगिरीवर पेत्रीश्चेवो गांवीं गेली. तिनें व तिच्या सोबत्यांनीं कांहीं घरांना आग लाविली. दुसऱ्या खेपेस ती सांपडली. जर्मनांनीं तिचे हाल केले आणि २९ नोव्हेंबर रोजीं तिला गांवासमोर फांशीं दिलें. सोव्हिएट राष्ट्रानें तिला वीरांगना मानलें, आणि तिच्या धैर्याविषयीं कोणीही शंका घेऊं नये. परंतु त्याच गांवांतल्या दोन बायकांनीं तिला पकडल्यानंतर शिव्याशाप दिले व मारलें. आगीची झळ त्या गांवाच्या घरांना लागली होती. पुढें गांव मुक्त झाल्यावर त्या दोघींना सोव्हिएट न्यायासनानें मृत्युदंड दिला.

या दोन बायकांचें काय करावें? प्रस्तुत लेखकाला त्यांच्या बाजूनें वकिली करावयाची नाहीं. ज्या मुलीला उद्यां फांशीं द्यावयाचें तिच्या अंगावर हात टाकणें हें नीच कृत्य होतें. परंतु डिसेंबराच्या तोंडावर जिचें घर जळालें तिच्यापुढें स्वदेश म्हणजे काय उभा राहिला असेल? परका येऊन चुलीशीं बसला, आणि स्वकीय येऊन चूल पेटवून गेला. फिनी लोकांनीं १९३९ सालीं सरहद्दीवरचीं आपलीं गांवें शत्रूला निवारा मिळूं नये म्हणून स्वतःच जाळलीं हें खरें. पण जेथें जेथें शक्य होतें तेथें तेथें त्यांनीं माणसें आधीं हलविलीं. ज्याला बचावाचा पूर्ण अधिकार आहे त्यालासुद्धां आपल्या माणसांच्या घराचा जाब चुकत नाहीं. आक्रमकाच्या क्रूरतेशीं याची बरोबरी करणें हा अविवेक होईल. परंतु बचाव न्याय्य असला म्हणजे त्याच्या साधनांचा हिशेब द्यावा लागत नाहीं, हेंही मान्य करतां येत नाहीं. लेनिनग्राडला ८ सप्टेंबर १९४१ पासून वेढा पडला. २० नोव्हेंबरपासून २५ डिसेंबरपर्यंत तेथें काम न करणाऱ्यांना, मुलांना व कारकुनांना दिवसाचा १२५ ग्रॅम पाव मिळे. खेळांत लेनिनग्राड टिकलें तर रशियाचा लाभ होतो. तें कशाच्या जोरावर टिकलें, तें मात्र त्या लाभांत दिसत नाहीं.

मग कैदी. हा भाग लिहितांना हात अडखळतो. खेळांत हानीचा एक तक्ता असतो: मेलेले इतके, जायबंदी इतके, पकडलेले इतके. उन्हाळ्यांत जर्मन खेळाडूचें सर्वांत मोठें सुख त्या तिसऱ्या रकान्यांत असतें. किएव्हच्या वेढ्यांत सहा लाखांहून अधिक, व्याझ्मा व ब्रियान्स्कच्या वेढ्यांत पुन्हां सहा लाखांहून अधिक कैदी आपण पकडले असें जर्मनांनीं त्या वेळीं जाहीर केलें होतें. रकान्यांत गेलेला माणूस खेळांतून बाहेर पडतो. त्यानें पुढें काय खाल्लें हें विचारावयाचें कारण उरत नाहीं. परंतु खरा हिवाळा त्या रकान्यावरही पडला. कांटेरी तारांच्या आंत, उघड्या माळावर, जमिनींत नखांनीं बिळें उकरून राहिलेल्या त्या लोकांपैकीं सुमारें वीस लाख माणसें फेब्रुवारी १९४२ पर्यंत भुकेनें, थंडीनें, रोगानें आणि गोळ्यांनीं मेलीं. सबंध युद्धांत तेहतीस लाखांच्या आसपास. म्हणजे ज्या तीन महिन्यांत खेळाडू एकेक तुकडी वांचविण्यासाठीं जिवाचें रान करीत असतो, त्याच महिन्यांत त्याच्याच ताब्यांतले लाखो लोक मरत असतात, आणि तक्त्यांतला आंकडा तसूभर हलत नाहीं.

हें हवामानाचें कृत्य नव्हतें. २ मे १९४१ रोजीं, म्हणजे स्वारीपूर्वीं सात आठवडे, बर्लिनमध्यें झालेल्या सचिवांच्या बैठकीच्या टिपणांत असें नोंदलेलें आहे कीं, सैन्य रशियांतल्याच धान्यावर पोसावयाचें आणि तसें केलें असतां तेथील कोट्यवधि माणसें उपाशीं मरतील यांत शंका नाहीं. राइखेनाउ या सेनापतीनें १० ऑक्टोबर १९४१ च्या आपल्या आज्ञेंत, सैन्याचें काम न करणाऱ्या रहिवाशांना व कैद्यांना अन्न देणें म्हणजे भलत्या ठिकाणची भूतदया होय, असें सैनिकांना बजाविलें. उपासमार ही त्या मोहिमेंत रसदेचीच एक बाब होती. तेव्हां रुळांतले ८९ मिलिमीटर हिशेबांत धरणारा खेळ रसदेचा हा अर्धा भाग वगळतो, तेव्हां तो केवळ नीति वगळतो असें नव्हे. ज्या यथार्थतेचा त्याला अभिमान आहे तीच वगळतो.

असें कां झालें याचा शोध घेतां एक गोष्ट ध्यानांत येते. युद्धानंतर कांहीं वर्षें पश्चिमेकडील वाचकांना या मोहिमेची ओळख झाली ती बहुतांशीं पराभूत जर्मन सेनापतींच्या आठवणींवरून. गुडेरियनच्या आठवणी १९५१ सालीं आल्या, मानस्टाइनच्या १९५५ सालीं. मानस्टाइनला त्यापूर्वीं १९४९ सालीं युद्धगुन्ह्यांबद्दल अठरा वर्षांची शिक्षा झाली होती आणि १९५३ सालीं तो सुटला होता. त्याचें पुस्तक वाचून हें सहसा ध्यानांत येत नाहीं. हाल्डरसारखे लोक तर अमेरिकन सैन्याच्या इतिहासविभागासाठीं लिहीत होते. या लेखनांत दोन गुन्हेगार वारंवार भेटतात: एक हिटलर आणि दुसरा हिवाळा. सेनापति तेवढे कुशल, हतबल आणि स्वच्छ. खेळ रचणाऱ्यांनीं नकाशे, तुकड्या, तारखा यांबरोबर ही दृष्टीही उचलली, आणि ती कांहीं कपटानें उचलली असें नाहीं. ज्याला युद्धाचा पट हवा होता त्याच्या हातीं पट मांडणाऱ्यांच्याच आठवणी आल्या. खरें पाहतां ती मोहीम आधीं खेळ म्हणूनच मांडली गेली होती: डिसेंबर १९४० च्या सुमारास जनरल पाउलुस यानें नकाशावर तिची रंगीत तालीम घेतली, आणि रसद अपुरी पडणार याचीं चिन्हें त्या खेळांतच दिसलीं. पाउलुसला तींच चिन्हें ३१ जानेवारी १९४३ रोजीं स्टालिनग्राडच्या तळघरांत शरण जातांना आठवलीं असतील काय, कोण जाणे.

येथें एक रास्त आक्षेप येईल. झोपड्या, कैदी, उपासमार हें सारें खेळांत घातलें तर खेळ अधिक नीतिमान् होईल काय? कीं 'गांव जाळल्यास शत्रूची शक्ति दोन अंशांनीं उणी' असा एक नियम वाढेल, आणि जिंकण्याच्या ओघांत खेळाडू तोही निर्विकारपणें वापरूं लागेल? हा आक्षेप हलका नाहीं. न मोजलेल्या दुःखाचा विसर पडतो, हें जितकें खरें, तितकेंच मोजलेल्या दुःखाचा सौदा होतो, हेंही खरें आहे. सरकारी दप्तरांत आयुष्य घालविलेल्या कोणाही माणसाला हें पटेल. दुष्काळाचे तक्ते भरणारा कारकून दुष्काळ विसरत नाहीं, पण त्याच्याशीं त्याची सोयरीक जमते. म्हणून खेळांत आणखी एक रकाना घाला, अशी प्रस्तुत लेखकाची मागणी नाहीं.

निराळी वाट एका पोलिश खेळानें २०१४ सालीं दाखविली. 'धिस वॉर ऑफ माइन' हें त्याचें नांव. साराजेव्होच्या वेढ्यावरून तो सुचला. त्यांत खेळाडूच्या हातीं सेना नसते. वेढ्यांत सांपडलेल्या शहरांतल्या एका पडक्या घरांतलीं चारदोन माणसें असतात. तेथेंही हिवाळा येतो. चुलीला लांकूड पुरत नाहीं म्हणून सामान जाळावें लागतें, पुस्तकें जाळावीं लागतात. रात्रीं शिधा शोधावयाला बाहेर पडावें तों एका म्हाताऱ्या जोडप्याचें घर लागतें. लुटावें तर ते प्रतिकार करीत नाहींत, आणि लुटलें तर परत आलेला माणूस दिवसचे दिवस खिन्न होऊन बसतो. पोलंडच्या सरकारनें २०२० सालीं हा खेळ शाळकरी विद्यार्थ्यांच्या वाचनसूचींत घालण्याचें ठरविलें. या खेळांतही आंकडे आहेतच. फरक एवढाच कीं, पट घराच्या बाहेरून मांडलेला नसून आंतून मांडलेला आहे. दहा मैलांच्या घराचें एक चुलीचें घर झालें कीं सारे हिशेब उलटे होतात. सेनापतीला जी ऊब म्हणजे लाभ, ती येथें कोणाची तरी चोरी म्हणून दिसते.

कोणी म्हणेल, एवढी चिकित्सा एका करमणुकीची कशाला? ती करमणूकच राहिली असती तर कदाचित् केलीही नसती. परंतु नकाशाकडे वरून पाहण्याची ही संवय आतां खेळापुरती उरलेली नाहीं. ऑक्टोबर २०२२ मध्यें रशियानें युक्रेनच्या वीजकेंद्रांवर हल्ले सुरू केले आणि त्या हिवाळ्यांत लाखो घरें थंड पडलीं, त्या वेळीं जगभरचे लोक आघाडीच्या रंगीत नकाशावरचे बाण दररोज पाहत होते: कोणाची रेघ किती सरकली, कोण कोठें टिकून आहे. लेनिनग्राडच्या हिवाळ्याची आठवण जपणाऱ्या राष्ट्राकडून तें घडावें यांतला विपर्यास बाजूला ठेवला तरी, बाणावरून नजर घराकडे वळावयाला किती प्रयास पडत होते, तें ज्यानें त्यानें आपल्याशीं तपासून पाहावें.

हा खेळ टाकून द्यावा असें येथवरच्या विवेचनावरून निघत नाहीं. मोहऱ्यांची हालचाल कळल्याशिवाय युद्धाचा इतिहास कळत नाहीं. पुष्कळ नीतिवादी लेखक रसद म्हणजे काय तें ठाऊक नसल्यामुळेंच वाह्यात लिहितात. परंतु जर्मन बाजूनें हिवाळा काढणारानें मनाशीं एवढें पक्कें धरावें कीं, तो जें करतो आहे तो बचाव नसून स्वारीचा पुढचा अंक आहे. याचा पुरावा पटावरच मिळतो. मार्च उलटतो, बर्फ वितळतो, पुन्हां चिखल होतो. झडलेल्या तुकड्यांत भरतीचे नवे शिपाई येऊं लागतात, आंकडे हळूहळू चढूं लागतात. देम्यान्स्कला फेब्रुवारीपासून वेढ्यांत अडकलेल्या सुमारें लाखभर सैन्याला विमानांनीं अन्न पोंचवून एप्रिलांत वाट मोकळी करून दिली जाते, आणि ज्यानें हें साधलें त्या खेळाडूच्या डोळ्यांत खरोखरच पाणी तरळतें. मग तो नकाशा दक्षिणेकडे सरकवितो, व्होल्गेपर्यंतचीं घरें मोजतो, आणि थकव्याचा मागमूसही न राहतां जूनची पहिली पाळी आंखूं लागतो.